धुळेकराची फ्लॉपी

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. जळगावला मी कॉम्प्युटर शिकवायचो, त्या लॅबमध्ये एकदा धुळ्याचा एक माणूस चपला बाहेर काढून आला. त्याने स्वतः लिहून फ्लॉपीवर आणलेल्या प्रोग्रॅममुळे आमचा साधा पीसी दुसऱ्याच प्रोसेसरचं सोंग घ्यायचा. मग त्या परक्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम आमच्याकडेच तपासता यायची. स्क्रीन उजळली की तो शर्टाला बोटं पुसायचा. पोरं मला विसरून त्याच्याभोवती जमली. माझा जळफळाट झाला. व्हायरस नाही हे ठाऊक असूनही, “व्हायरस आहे,” म्हणत मी त्याची एकुलती फ्लॉपी पुसून टाकली.

“जाऊ द्या भाऊ, परत लिखसू. मजा लिखामाच शे,” तो म्हणाला. मजा लिहिण्यातच आहे, या त्याच्या बोलण्याने मी आणखीच जळालो.

पुढे तो पाचोरा स्टेशनवर दिसला. माफी मागायला मी जवळ गेलो, तर त्यानेच हसत विचारलं, “भाऊ, व्हायरस गया का?”

“गेला,” एवढंच मी बोललो.