कपाटात ठेवलेला शेवट

फेब्रुवारीतला सोमवार, सकाळी साडेनऊ. पोलीस ठाण्यात हजर: ठाण्याचा प्रमुख मी, खारेपाटणकडचा एक हवालदार, ठाणे अंमलदार बाई, फिर्यादी ट्रॉलरमालक आणि सोबत त्याचा पुतण्या. ही हजेरी मला अजून तोंडपाठ आहे, कारण या पाचांपैकी एक जण खोटं बोलत होता आणि मी त्यालाच चहा पाजला.

गाव देवबागच्या अलीकडचं, खाडीकाठचं. नाव देत नाही. रविवारी दुपारी जेटीला बांधलेल्या ट्रॉलरवरून मासळीचा थवा दाखवणारं यंत्र चोरीला गेलं होतं. कुलूप फोडलेलं, वायरी मात्र नीट सोडवलेल्या. म्हणजे चोर माहितगार. गुन्हा नोंदवला, पंचनाम्याला हवालदाराला पाठवलं.

जाता जाता पुतण्याने मला बाजूला घेतलं. त्यांच्याच ट्रॉलरवर पूर्वी काम केलेला, काकाशी भांडून गेलेला तिशीतला एक माणूस रविवारी चारला जेटीवर होता म्हणाला.

"वेळ इतकी नक्की कशी?" मी विचारलं.

"साहेब, विसरेन कसा? त्याच्या हातात वाचनालयाचं पुस्तक होतं. मी तेच वाचायला आणणार होतो. आणि याने सरळ सांगून टाकलं की खुनी कंपाउंडर आहे म्हणून. सगळी मजाच घालवली!"

मला हसू आलं. ती रहस्यकथांची मालिका माझीही आवडती. तिचा नायक निवृत्त पोस्टमास्तर, सायकलवर फिरतो आणि कुणाचंही पहिलं उत्तर खरं धरत नाही. सगळे भाग माझ्या घरी आहेत. या भागात खुनी कंपाउंडरच आहे. इतका बारीक तपशील कोण कशाला रचेल, असं वाटून मी जबाब नोंदवून घेतला.

मंगळवारी संशयिताला जेटीवरून जीपमध्ये घालून आणलं. शुक्रवारी त्याला मुंबईत हजर होऊन मालवाहू बोटीवर रुजू व्हायचं होतं. दोन वर्षं खटपट करून मिळालेली ही पहिलीच नेमणूक. मला त्यातही संशयच दिसला: चोरी करायची आणि समुद्रापार जायचं. तालुका सोडायचा नाही, अशी ताकीद दिली.

"रविवारी चारला कुठे होतास?"

"घराकच होतंय, साहेब. पुस्तक वाचत होतंय."

पुस्तक तेच. मी परीक्षा घेतली. दवाखान्याचं दार कोणी उघडलं, बाटलीवरची चिठ्ठी कोणी बदलली, सगळं त्याने बिनचूक सांगितलं.

"मग खुनी कोण?"

"ता माका म्हायत नाय."

"पुस्तक वाचलंस आणि खुनी माहीत नाही?"

"शेवट वाचूक नाय अजून. पुस्तकात शेवट नसताच. तो बाई कापून कपाटात ठेवतत."

"कोण बाई?"

"वाचनालयातल्ये. पुस्तक परत केल्यार थंय बसान वाचूचो लागता."

हवालदाराने त्याच्या घरून पुस्तक आणलं. शेवटची पानं खरोखर नव्हती, ब्लेडने सरळ कापलेली. हवालदार म्हणाला, "साहेब, वाचनालयवाली कधी पुस्तक कापेल काय? ह्येनंच कापलेली असणार." मलाही तेच पटलं. शेवट माहीत आहे असं कबूल केलं तर जेटीवरची भेट सिद्ध होते, म्हणून हा अज्ञानाचं सोंग घेतोय, पानंही यानेच उडवली आहेत, असं मी जुळवलं. पोस्टमास्तरनेही असंच जुळवलं असतं, याचा मला थोडा अभिमानही वाटला. वाचनालय थेट गुरुवारी उघडणार होतं. तोवर मी त्याला रोज सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. प्रश्न तोच, उत्तर तेच.

गुरुवारी ग्रंथपाल बाईच ठाण्यात आल्या. पन्नाशीच्या, हातात पिशवी, चेहऱ्यावर राग.

"साहेब, शेवट म्हायत नाय म्हणान तुम्ही माणसाक बसवन ठेवलात? त्येका शेवट म्हायत असतो तर माझा कपाट फुटला म्हणान मीच फिर्याद घेवन इलंय असतंय!"

त्यांनी पिशवीतून तपकिरी कागदात शिवलेलं एक प्रकरण काढलं. कापलेली कड पुस्तकाला लावून पाहिली. तंतोतंत बसली. रहस्यकथा घरोघर फिरायच्या आणि परत यायच्या नाहीत, म्हणून बाईंनीच ही रीत पाडलेली. पुस्तक परत करायचं, वहीत सही करायची आणि टेबलाशी बसून शेवट वाचायचा. तेव्हापासून रहस्यकथेचं एकही पुस्तक हरवलं नाही, असं त्यांनी मला ठणकावून सांगितलं. गावात ही गोष्ट पोरांनाही ठाऊक. हवालदाराला आणि मला तेवढी ठाऊक नव्हती.

मी वही मागितली. त्या पुस्तकापुढे संशयिताची सही नव्हती. पण महिन्यापूर्वीची एक सही होती. पुतण्याची.

त्याला बोलावलं, बसवलं, पुस्तकाचा शेवट विचारला. त्याने कंपाउंडरच्या कबुलीपर्यंत सगळं रंगवून सांगितलं.

"तुम्ही वाचलंय?"

"नाही हो, त्यानेच सांगितलं ना जेटीवर."

मी वही त्याच्याकडे वळवली. त्याने सही पाहून पाणी मागितलं आणि मग सगळं सांगितलं. वेंगुर्ल्याला मित्राबरोबर वेगळी होडी घालायची होती, काका जाऊ देत नव्हता. यंत्र त्याने त्या होडीवर बसवलं होतं. भांडून गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की काम भागेल, तो बोटीवर गेला की चौकशीही थंडावेल, असा त्याचा अंदाज. ते पुस्तक त्याने त्या माणसाच्या हातात आदल्या आठवड्यात पाहिलं होतं; गोष्ट खरी वाटावी म्हणून ते जोडलं आणि शेवट कपाटात असतो हे त्या भरात विसरला. शुक्रवारी पंचांसमक्ष यंत्र जप्त केलं, क्रमांक जुळला, आणि तेव्हाच मी तालुका न सोडण्याची ताकीद मागे घेतली.

त्याच शुक्रवारी मुंबईत त्या माणसाच्या जागी दुसऱ्याला बोटीवर पाठवलं गेलं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. खोट्या माणसाचं बोलणं कथेसारखं रंगतं आणि खरा माणूस तेच तेच कंटाळवाणं उत्तर देत राहतो. माझ्या पोस्टमास्तरपुढे लेखकाने माणसं मांडलेली असतात, त्यामुळे त्याला पहिल्या उत्तरावर अविश्वास परवडतो. मी साधं उत्तर तपासायच्या आधीच फेटाळलं. वाचनालय बंद होतं, पण बाईंचं घर ठाण्यापासून अर्ध्या तासावर होतं.

प्रत्येक गुन्ह्याची कामं मी यादी करून ठेवत असे, झालं की खूण. दोषारोपपत्र, झालं. बोटीच्या एजंटाला तो निर्दोष असल्याचं पत्र, झालं. आठ महिन्यांनी त्याला दुसरी बोट मिळाली, तेही लिहून ठेवलंय. शेवटची ओळ त्याच्या आईने घालायला लावली. सुटकेच्या दिवशी मी तिला घरी जाऊन चूक झाली म्हणालो, तेव्हा ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "माका सांगान काय उपेग? तुम्ही त्येका जीपीत घातलात तेव्हा जेटीर मासळीचो लिलाव चल्लो होतो, सगळो गाव होतो. थंय येवन सांगा."

येतो म्हणालो. निवृत्तीनंतर दोनदा निघालो. एकदा मालवणच्या बाजारातून मासळी घेऊन परतलो. दुसऱ्यांदा जेटी दिसेपर्यंत गेलो, लिलाव चालू होता, गाडीतून उतरलो नाही. त्या ओळीपुढे अजून खूण नाही.