बशीबाईची रेघ

‘गोड’ हा शब्द कानावर पडला की बशीबाईला मळमळायचं. गल्लीनेच तिला हे नाव दिलेलं. बशा करते म्हणून बशीबाई, संपलं.

माजोलिकाचं, म्हणजे पांढऱ्या झिलईवर रंगवलेल्या मातीच्या भांड्यांचं काम ती मामाकडे शिकली. भाजलेली लाल बशी पांढऱ्या झिलईत बुडवायची. वाळली की तिच्यावर पिठासारखा थर बसतो, त्यावरच रंगवायचं. कुंचला टेकला की थर रंग पिऊन टाकतो. खोडाखोड नाही. चुकलं तर अख्खी बशी धुवायची, नाहीतर तशीच भट्टीत घालायची.

मामा पाखरं काढायचा, वेली काढायचा, लिंबं काढायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, “किती गोड!” हिने सगळं हाकललं. काठापासून काठापर्यंत एकच जाड निळी रेघ, बाकी पांढरं. मामाने बशी वरखाली फिरवून पाहिली. “काय गं, धुवायची राहिली का?”

पण ती रेघच चालली. मामा गेला, दुकान थोरल्या बहिणीने सांभाळलं आणि बाई वर्षानुवर्षं रेघ ओढत राहिली. आता एका हॉटेलवाल्याला भिंतभर बशा हव्या होत्या, सगळ्या तशाच.

निम्म्या झाल्या नि बाई तापाने आडवी झाली. उठून कारखान्यात आली, तर फळ्यांवर सगळ्या बशा रंगवून तयार.

“ताई, हे कुणी केलं?”

“मी. मामाने काय तुलाच शिकवलं होतं? भट्टी अडली होती. बघ बरं, तुझ्या कुठल्या ते ओळखू येतात का.”

बाईने ठसक्यात एक उचलली. “ही तुझी. सुरुवातीलाच हात हललाय.”

ताई खो खो हसली. “ती तुझी गं! माझ्यांच्या मागे टिंब आहे.”

बाईने बशी उलटी करून पाहिली. टिंब नव्हतं. दुसरी चुकली, तिसरीही. ताई बिचारी समजूत घालायला गेली, “अगदी तुझ्यासारखी आलीय ना? गोड दिसतेय.”

घास तोंडात घातल्यावर केस लागावा, तसं बाईला झालं. आणि केस आपलाच. मामाच्या पाखरांना नाकं मुरडली, अन् आपण इतकी वर्षं काय केलं? एकच पाखरू, बिनपंखांचं.

तिने आपल्या बशा मोरीत नेल्या.

“अगं, डोकं फिरलंय का? तो हॉटेलवाला उद्या येतोय!”

“तुझ्या भाज. चांगल्या आहेत. खाली तुझं नाव घाल.”

पांढरं पाणी वाहून गेलं, लाल बशा उघड्या पडल्या. बाईने एक पुसली, वाळवली, पुन्हा झिलईत बुडवली. थर सुकल्यावर कुंचला भरला, तर हात आपला आपणच डाव्या काठाकडे निघाला. तिने त्याला चापट मारली. कुंचला डाव्या हातात घेतला. रेघ अडखळली, मध्येच फुगली, काठाशी न पोचताच थांबली. शेवटी एक ओघळ.

ताईने तोंड वाकडं केलं. “शी! हे कोण घेणार?”

बाईच्या पोटातली मळमळ जरा शमली.

“ही पण भट्टीत घाल,” ती म्हणाली, आणि दुसरी बशी पुसायला घेतली.