त्यात काय एवढं!

धाकटीला कारखान्यात सगळेच धाकटी म्हणत, अगदी परवा कामाला लागलेल्या पोरीसुद्धा. वयानं ती त्या खोलीत सगळ्यांत मोठी, फक्त एक सोडून. ती एक म्हणजे तिची सख्खी बहीण थोरली, जोडणीच्या खोलीची मुकादम. थोरलीचा नवरा लवकर गेला, धाकटीनं लग्नाचं नाव काढलं नाही. दोघी दोन खोल्यांच्या घरात राहत, एकाच डब्यात जेवत आणि भांडण झालंच तर पंखा किती जोरात ठेवायचा यावरून होई.

काम कुलपं जोडायचं. पितळी खोका, त्यात चपट्या पट्ट्या, पट्ट्यांमागे केसासारखी बारीक स्प्रिंग, वर कडी, मग झाकण. सगळे सुटे भाग दूरच्या एका देशातून यायचे आणि तयार कुलपं शेजारच्या देशात जायची. धाकटीचा हात असा चाले, की बघणाऱ्याला वाटावं बाई नुसती खोकी चाळतेय. पण किल्ली फिरवली की कुलूप कट्ट करून उघडायचं.

शेजारच्या देशाशी जुना करार होता. इथे जोडलेलं कुलूप ते इथलंच, म्हणून तिकडे त्यावर जकात नाही. मग तो करार सुधारला. सुधारला हा शब्द सुधारणाऱ्यांचा, आपला नव्हे. नवा नियम म्हणाला, सुटे भाग तिसऱ्याच देशातून आणायचे आणि नुसते जोडायचे, तर माल तुमचा कसला? जोडणीला खास कौशल्य लागत असेल, तरच माल तुमचा. आणि कौशल्य लागतं की नाही, हे तिकडची माणसं स्वतः येऊन बघणार.

मालकानं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना हे समजावून सांगितलं. "काम अवघड आहे असं त्यांना पटलं, तर आपण राहिलो. नाही पटलं तर जकात बसणार, गिऱ्हाईक जाणार आणि ही खोली बंद होणार. मग माझ्या हातात काही नाही."

"पण अवघड आहेच की," एक पोरगी म्हणाली.

"मग अवघड दिसू द्या," मालक म्हणाला.

झालं, अवघड दिसायची तालीम सुरू झाली. मालकानं पांढरे कोट आणले, भिंगं लावलेले दिवे आणले. थोरली टेबलाटेबलावरून फिरे. "सावकाश! भिंगातून बघ. कपाळाला जरा आठी घाल." पोरी हसून हसून बेजार. धाकटीची मात्र पंचाईत झाली. सावकाश काम तिला जमेचना. हात थांबला की पुढची पट्टी कोणती हेच आठवेना, आणि स्प्रिंग टुणकन उडून जाई. शेवटी थोरलीनं तिला मागच्या टेबलावर हलवलं. आयुष्य जिथे काढलं तिथेच आपल्याला लपवून ठेवतात याचं तिला वाईट वाटलं.

तिकडून एक साहेब आला आणि त्याच्याबरोबर त्याचं बोलणं आपल्या भाषेत आणि आपलं त्याच्या भाषेत सांगायला एक दुभाषी बाई. साहेब उर्मट वगैरे मुळीच नव्हता, उलट प्रत्येकीला विचारून मगच टेबलाजवळ उभा राहत होता. पुढे सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. भिंगं, आठ्या, मोजून मापून हालचाली. साहेब मान डोलवत होता. मालकाचा जीव भांड्यात पडायला लागला होता, तेवढ्यात साहेब सरळ मागच्या टेबलाकडे वळला.

धाकटीनं घाईघाईनं भिंग पुढे ओढलं. स्प्रिंग चिमट्यात धरली, ती उडाली ती थेट साहेबाच्या बुटावर. त्यानं वाकून उचलून दिली. धाकटी इतकी ओशाळली, की तिनं भिंग बाजूला सारलं आणि जे येत होतं ते केलं. कट्ट. दुसरं घेतलं, कट्ट. तिसरं. साहेब जागचा हलेना.

"ते म्हणतात, असा हात त्यांनी कुठे पाहिला नाही," बरोबरची बाई म्हणाली. "हे शिकायला तुम्हाला किती काळ लागला?"

आता आपल्यातली बाई यावर काय म्हणणार? भाजी छान झाली म्हणा, ती म्हणेल, कुठे, मीठ कमीच पडलं जरा. धाकटी लाजून लाल झाली आणि तिनं शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या थोरलीकडे बोट केलं.

"छे हो, त्यात काय एवढं! हिनं सकाळी दाखवलं, दुपारी यायला लागलं. कुणालाही येईल."

ती दुभाषी बाई प्रामाणिक होती. तिनं शब्दन् शब्द सांगितला. साहेबानं टिपून घेतलं आणि जाताना धाकटीचे मनापासून आभार मानले.

पुढे निकाल आला. जोडणी साधी आहे, माल इथला नाही. धाकटीला कुणी टाकून बोललं नाही. मालक म्हणाला, "नियमच तसा होता, तुम्ही काही बोलला नसता तरी..." आणि वाक्य अर्ध्यावर सोडून आत गेला. पोरींनी पांढरे कोट घड्या घालून ठेवले. धाकटीला रडू आलं नाही. राग नाही, भीतीही नाही. जीभ भाजल्यावर कशाचीच चव लागत नाही, तसं तिला झालं होतं. उरलेली कुलपं तिनं नेहमीच्याच वेगानं जोडून दिली.

मग कामाच्या दिवशी भरदुपारी दोघी बहिणी घरी बसायला लागल्या. त्या वेळचं घर त्यांना माहीतच नव्हतं. खिडकीतून ऊन कुठपर्यंत येतं हेसुद्धा नवीन होतं. थोरलीनं चहा केला. धाकटी कपापुढे बसली.

"मीच घालवलं गं सगळं," बाजारात काय भाव चाललाय ते सांगावं तशा आवाजात ती म्हणाली.

थोरलीनं आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "दुपारी नव्हतं आलं तुला."

"काय?"

"कुलूप. पहिल्या वर्षी तुझं एक कुलूप धड नव्हतं. पट्ट्या उलट्या, स्प्रिंगा वाकलेल्या. तू पाणी प्यायला उठलीस की मी तुझा ट्रे ओढून घ्यायचे. सगळी उघडायची आणि परत जोडून ठेवायची. तेव्हाच्या मुकादमाला कळलं असतं, तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं तुला."

"मला कधी बोलली नाहीस."

"आई नुकती गेली होती. तुझ्या तोंडावर तेवढंच एक हसू होतं. घरी येऊन म्हणायचीस, मला किती पटकन आलं बघ."

"आणि त्या दिवशी? साहेबानं विचारलं तेव्हा?"

"तोंड उघडलं होतं मी," थोरली म्हणाली. "पण इतक्या पोरींच्या देखत तुला कसं सांगू?"

चहावर साय धरली होती. धाकटीनं ती बोटानं बाजूला केली.

"वर्ष लागलं मला?"

"वर्षाच्या वरच. रोज जीव मुठीत धरून बसायचे मी."

"म्हणजे अवघड होतं."

"अवघडच होतं गं."

धाकटीनं मान हलवली. "मग मी त्या साहेबाला खोटं सांगितलं," ती म्हणाली.