हुकमाची लाज

अधिकाराची हौस असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. अधिकाराची लाज वाटणारा माणूस मात्र उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच तुमसरला आमच्या कॉलेजचा प्राचार्य होता. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी तिथं मराठी शिकवायला रुजू झालो त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत गेलो, तर मोठ्या खुर्चीवर एक काळी छत्री विराजमान होती आणि शेजारच्या स्टुलावर टेरिकॉटचा बुशशर्ट घातलेले एक किरकोळ गृहस्थ बसले होते. मी त्यांना हेडक्लार्क समजून विचारलं, "साहेब कधी येतील?" ते गडबडून उभे राहिले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि म्हणाले, "आले तर आहेत जी. म्हणजे, मीच. तुमाले उगाच त्रास झाला." त्या खुर्चीत बसलं की आपण दुसऱ्या कुणाची तरी जागा अडवली आहे असं त्यांना वाटायचं, म्हणून त्यांनी ती छत्रीला देऊन टाकली होती. खेड्यावरून येणारे पालक आधी छत्रीच्या दिशेनं नमस्कार करत. सरांची त्याला काही हरकत नसे.

हुकूम हा शब्दच त्यांच्या जिभेवर येत नसे. त्यांच्या सहीच्या सूचना वहीतून फिरत, त्या वाचून हसावं की रडावं कळत नसे. "प्राध्यापकांनी तासाला वेळेवर जावं असं मला वाटतं. चूक असल्यास सांगावं." याच्या खाली इतिहासाच्या एका मास्तरांनी खरोखरच "चूक आहे" असं लिहिलं, तेव्हा सर त्यांना शोधत स्टाफरूममध्ये आले आणि मोकळेपणानं मत दिल्याबद्दल त्यांचे आभार मानून गेले. उशिरा येणाऱ्याला बोलणं तर दूरच, तो फाटकातून येताना दिसला की त्याला ओशाळं वाटू नये म्हणून हे स्वतःच मैदानातल्या मोहाच्या झाडामागे जाऊन उभे राहत. झाड काही फार जाड नव्हतं. दोन्ही बाजूंनी सर दिसत. मग आलेला माणूस, आपण त्यांना पाहिलं हे त्यांना कळू नये म्हणून, फाटकाशीच थबकून राही, आणि दोघांच्या या आदबीत तास निम्मा निघून जाई. पावसाळा लागला आणि सर भिजत झाडामागे उभे राहू लागले तेव्हा मात्र आम्हालाच ते बघवेना. त्या वर्षी आमचा अख्खा स्टाफ वेळेवर येऊ लागला. दुसऱ्या कुठल्या प्राचार्याला मेमो देऊनही हे साधलं नसतं.

अशा माणसाला 'नाही' म्हणता येत नसे हे वेगळं सांगायला नको. कुणीही नवी कल्पना घेऊन गेलं की स्टूल पुढे ओढून ते तोंड उघडं ठेवून ऐकत आणि शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "करा जी. मी आहो ना मागं." आणि ते अक्षरशः मागे उभे राहत. ग्रंथपालांना वाटलं, मुलांना कपाटातून स्वतः पुस्तकं काढू द्यावीत. सर आठवडाभर कपाटांच्या मागे उभे. आमचा शिपाई डोमाजी एकदा म्हणाला, "साहेब, घंटी मागच्या वर्गात आयकूच येत नाही. राइस मिलवाल्याकडे जुना भोंगा पडला आहे, आणू काय?" सर म्हणाले, करा जी. भोंगा आला, छपरावर चढला आणि दुसऱ्या दिवशी आमची मधली सुट्टी झाली तेव्हा पलीकडच्या मिलमधले हमाल आणि धान पाखडणाऱ्या बाया आपापले डबे घेऊन सावलीला जाऊन बसल्या. त्यांच्या जेवणाला अजून पुष्कळ अवकाश होता. मिलमालक तणतणत आला. सर शरमेनं अर्धे झाले, डोमाजीला बाजूला सारून स्वतः मिलमध्ये गेले आणि एकेका मजुरापुढे हात जोडून माफी मागू लागले. एक म्हातारी हमालीण म्हणाली, "माफी कायले मागता गुरुजी? रोज वाजवत जा जी." भोंगा उतरवला. डोमाजीला कुणी एक शब्दही बोललं नाही.

आम्ही या सगळ्याला हसत होतो, सरांच्या नकला करत होतो. आमच्या कॉलेजचे प्राचार्य कोण, असं बाहेर कुणी विचारलं की मला जरा लाजल्यासारखंही होई. इतर कॉलेजांचे प्राचार्य नुसते व्हरांड्यातून निघाले तरी वर्ग चिडीचूप होत; आमचे निघाले की मुलं त्यांना वाट देत आणि हेच मुलांना वाट देत, आणि सगळी गर्दी दारात अडकून पडे.

अशात मेश्राम बाई अर्थशास्त्र शिकवायला आल्या. पवनीकडच्या. घरातून कॉलेजात शिकलेल्या त्या पहिल्याच, आणि नोकरी तात्पुरती, म्हणजे दर वर्षी संस्थेच्या मर्जीवर. त्यांच्या आईनं जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी केलेली, आणि लहानपणी सुट्टी नसतानाही आईबरोबर चिखलात उतरून त्यांनी स्वतः धानाची रोपं लावलेली. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या लक्षात आलं की रोवणी लागली की गरिबांच्या मुली वर्गातून नाहीशा होतात. मजुरी मिळायचे दिवस तेवढेच. मग हजेरी कमी भरते आणि विद्यापीठ परीक्षेला बसू देत नाही. हे दर वर्षी होत होतं आणि आम्ही ते दर वर्षी बघत होतो. बाई सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "रोवणीपुरते वर्ग उजाडता उजाडता घेऊ या. मजूर बांधीवर जायच्या आत संपवू." सरांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं बाई सांगत. मग ते म्हणाले, "करा जी. मी आहो ना मागं."

पण या कामाला नुसतं मागे उभं राहून भागणार नव्हतं, कारण उजाडता उजाडता यायला आमच्यापैकी एकही जण राजी नव्हता. दुसऱ्या प्राचार्यांनी आदेश काढला असता. सरांनी घरोघरी जायला सुरुवात केली. संध्याकाळी ते यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे, चहा घ्यायचे, पोरांची नावं विचारायचे, कसनुसं हसायचे आणि मूळ विषयाचं अवाक्षर न काढता निघून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी माझी बायकोच मला म्हणाली, "तुमचे साहेब अखीन येऊन बसून गेले. पाहून मलेच कसंतरी होऊन राहिलं. हो म्हणून टाका ना एकदा." मी हो म्हणून टाकलं. घरोघरी हेच झालं असावं, कारण आठवड्याभरात सगळा स्टाफ तयार झाला.

ते वर्ग मी विसरणार नाही. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन मुली यायच्या, ती दाराशी झटकून ठेवायच्या, आणि तास संपला की वह्या पिशवीत कोंबून तशाच बांधीवर जायच्या. सर व्हरांड्याच्या टोकाला उभे. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "बाईंची कल्पना आहे. माझं काहीच नाही जी." भेटेल त्याला सांगायचे. तुमसरच्या बाजारात सांगितलं, संस्थेच्या सभेत सांगितलं, रेल्वे स्टेशनवर तिकीट बाबूला सांगितलं.

आणि हेच सांगणं अंगाशी आलं. कुणीतरी विद्यापीठाला कळवलं, आणि चौकशीला समिती आली. एका तात्पुरत्या बाईनं आपल्या मनानं वेळापत्रक बदललं, असा आरोप होता. तसं ठरलं तर सकाळची सगळी हजेरी रद्द, पोरी परीक्षेबाहेर आणि बाई घरी. प्राचार्यांच्या हुकमानं झालं असेल तर हजेरी कायम, कारण वेळापत्रक हा प्राचार्यांचा अधिकार. मग वर न विचारल्याचा जाब त्यांनी द्यायचा. आणि आमच्या सरांनी जन्मात कधी हुकूम दिलेला नव्हता. आम्ही सगळे त्या खोलीत भिंतीला टेकून उभे होतो. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? सरांनी खुर्चीवरची छत्री उचलून खाली ठेवली आणि ते त्या खुर्चीत बसले. आम्ही त्यांना तिथं बसलेलं पहिल्यांदा पाहत होतो. ते म्हणाले, "माझी. मी तोंडी हुकूम दिला. बाईंचा तर विरोध होता." कान लालबुंद झाले होते, पण आवाज कापला नाही. मग अध्यक्षांनी बाईंकडे पाहून विचारलं, "विरोध होता?" बाई खाली पाहत म्हणाल्या, "होता." आम्हाला कुणी काही विचारलं नाही, आणि आपण होऊन बोलण्याची आमच्यात छाती नव्हती. त्या खोलीत आम्ही इतके शिकलेले लोक उभे होतो, याची मला आजही शरम वाटते.

हजेरी कायम राहिली. पोरी परीक्षेला बसल्या. बाई पुढे कायम झाल्या. सरांना मात्र संस्थेनं प्राचार्यपदावरून उतरवलं आणि ते पुन्हा भूगोल शिकवू लागले. पद गेल्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. उलट आमच्याबरोबर बाकावर बसून डबा खाताना ते खुशीत दिसत. त्यांना खात होती ती दुसरीच गोष्ट. आपण बाईंची कल्पना चोरली, आणि तीही चार माणसांसमोर. बाई समोरून आल्या की ते रस्ता बदलत. निवृत्त होऊन आंधळगावजवळच्या आपल्या गावी राहायला गेले तरी हे संपेना. त्या वर्गांतल्या मुली आता कुठं मास्तरणी, कुठं नर्स झाल्या होत्या. बाजारात, लग्नात, कुठंही भेटल्या की त्यांच्या पाया पडत आणि म्हणत, सर, तुमच्यामुळे शिकलो. झालं. सर पुढची एसटी पकडून तुमसरला येत, बाईंच्या दारात उभे राहत आणि सांगत, "बाई, आज अमकी भेटली होती. तुमचे आभार माझ्याकडे आले चुकून. ते द्याले आलो." आत यायचेही नाहीत. एकदा तर आभार बसमध्येच मिळाले, तर मधेच उतरून, मिळेल त्या बैलगाडीनं उन्हातान्हात उलटे आले.

एका अशा दुपारी मी बाईंकडेच बसलो होतो. सरांनी दारातून आपला निरोप दिला आणि वळले. बाई उठल्या. म्हणाल्या, "सर, बसा." त्यांच्या आवाजात असं काही होतं की सर बसले. बाई म्हणाल्या, "तुम्ही मला हे आभार आणून देता आणि मला रात्री झोप येत नाही. त्या दिवशी मला विचारलं तेव्हा मी 'होता' म्हणाले. माझ्याच पोरींच्या वर्गाला माझा विरोध होता, असं मी माझ्या तोंडानं म्हणाले. नोकरी जाईल म्हणून म्हणाले. लाज मला वाटायला पाहिजे, तुम्हाला नाही." सर म्हणाले, "म्हणजे खोटं बोलाले मीच लावलं तुमाले. हे तर माझ्या ध्यानातच नाही आलं जी." आणि ते पुन्हा नव्यानं ओशाळले. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. बाईंनी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडलं. एसटीत बसल्यावर खिडकीतून ते बाईंना म्हणाले, "मग असं करू. थोडे मी ठेवून घेत जातो."

त्यानंतर ते आले नाहीत. आम्हाला बरं वाटलं. म्हटलं, सर शिकले एकदाचे. मग बाईंकडे अनोळखी माणसं येऊ लागली. कुणी गोंदियाहून, कुणी साकोलीहून. "सरांना भेटाले गेलो होतो, त्यांनी तुमच्याकडे पाठवलं." तेव्हा कळलं की सरांचं चालणं-फिरणं बंद झालं होतं. आम्ही जाऊन भेटून आलो. पावसाळा संपता संपता ते गेले.

त्या दिवाळीनंतर एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन मेश्राम बाईंकडे आली. मीही तिथं होतो. म्हणाली, "मॅडम, सर मले उन्हाळ्यातच म्हणाले होते, एकदा बाईले भेटून ये म्हणून. येणंच नाही झालं." मग तिनं उजाडतानाच्या वर्गांचं सगळं सांगितलं. मेश्राम बाईंनी या वेळी मान खाली घातली नाही, सगळं ऐकून घेतलं आणि चहा टाकायला उठल्या. तेवढ्यात तिनं विचारलं, "सर कसे आहेत जी आता? फिरू लागले काय?" बाई आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शेवटी तिला मलाच सांगावं लागलं.