पुसलेला टिपका

कारंज्याच्या बसस्टँडसमोर हरिदासचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याला लागून माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. माणूस गुणी, पण त्याच्या हाताला चैन नसे. फोटो काढला की निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून तो चेहऱ्यावरचे वांग, पुटकुळ्या, व्रण घालवायचा. लग्नाच्या पोरींना घेऊन आया थेट आर्वीहून येत. मी चिडवायचो, "अबे, एक दिवस नवरदेव तुले शोधत येईन!"

चौऱ्याण्णव साली पोळा झाल्यावर गावातले बागायतदार नानाजी बाटलीत एक माशी घेऊन आले. त्यांच्या संत्राबागेत अशा माशा फिरत होत्या. फळाला डंख मारणारी फळमाशी, की झाडावरच्या मावा किडीचा फडशा पाडणारी मित्रमाशी? दोघी पिवळ्या-तपकिरी, वरवर सारख्याच. फळमाशी असेल तर लगेच फवारायला हवं, नाहीतर दिवाळीला तोडणीला येणारा आंबिया बहार गेलाच. मित्रमाशी असेल तर फवारणीनं तीच मरणार आणि मावा माजणार. आधी पोस्टानं पाठवलेल्या माशीचा वाटेतच भुगा झाला होता, म्हणून नागपूरच्या किडींच्या एका जाणकारांनी फोटो मागवला होता. हरिदासनं लेन्स उलटी धरून, माशी तळहाताएवढी दिसेल असा सुरेख फोटो काढला, की आम्ही सगळे बघतच राहिलो.

आठवड्यानं उत्तर आलं: पंख नितळ आहेत, फळमाशीचा टिपका नाही, मित्रमाशी दिसते, फवारू नका.

नानाजींची बायको कोकिळाबाई स्टुडिओतच म्हणाली, "पंखाच्या टोकाले काळा टिपका हाय. म्या डोयानं पाह्यला."

"तुह्यापरीस फोटोले जास्त दिसते," नानाजी म्हणाले. हरिदास हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

दिवाळीपर्यंत बागेत संत्र्यांचा सडा पडला. फळ फोडलं की आत अळ्या. नानाजी त्या जाणकाराला शिव्या घालत गावभर फिरू लागले. एके दुपारी हरिदास निगेटिव्ह घेऊन माझ्याकडे आला, माझं भिंग डोळ्याला लावलं आणि मग दोन्ही माझ्यापुढे सरकवलं. दोन्ही पंखांच्या टोकांवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या.

"टिपका म्याच पुसला," तो म्हणाला. "कवा पुसला, तेही याद नाई."

"मंग तोंड मिटून राह्य. कोनाले कळते?" मी म्हणालो. मला त्याची काळजी होती, आणि अक्कल नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं बागेत गेलो. कोकिळाबाई सडकी फळं खड्ड्यात लोटत होती. हरिदासनं सगळं सांगितलं, एक अक्षरही लपवलं नाही. नानाजींचा हात उठला आणि तसाच खाली आला. ते बांधावर बसले.

"मारा नानाजी," हरिदास म्हणाला. "मले बरं वाटन."

कोकिळाबाईनं फावडं टेकवलं. तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली.

"भाऊ, तुमी एका फोटोतला टिपका पुसला," ती म्हणाली. "माशा त महिनाभर या झाडाइवर बसून होत्या. पाहाले कोनीच आलं नाई."