जामीनदार वहिनी

एका कागदासाठी कपाट उघडावे आणि चार खाली पडावेत, तसे कार्यालयातले किस्से साचत जातात. नव्वदच्या दशकापासून मुरबाडच्या एका कारखान्यात मी नोकरांचे कागद सांभाळत होतो. त्यातले हे काशिनाथचे.

*

सुताराची जागा होती. डोळखांबकडच्या काशिनाथने अर्जात ‘पूर्वीचा अनुभव’ म्हणून लिहिले : ‘तुरुंगात सुतारकाम.’

शेठ दचकले. “काय केलं होतंस रे?”

“भावाला मारला. बांधावरून. कोयत्यानं.”

हात मात्र विलक्षण सफाईचा होता!

*

शेठना सुतार हवा होता, जोखीम नको होती. मी मसुदा केला : काशिनाथच्या हातून काही विपरीत घडल्यास जबाबदार कारखाना नव्हे, जामीनदार. जामीनदाराने दरवर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन अंगठा द्यावा. न आल्यास नोकरी समाप्त. ‘विपरीत’ हा शब्द मी बराच वेळ तोलला होता.

त्याच्या गावचे सरपंच म्हणाले, “ठेवा त्याला, पण आमाला नका गुतवू!”

शेवटी एक बाई आली. कपाळ मोकळे. मारल्या गेलेल्या भावाची बायको!

“बाई, भीती नाही वाटत?” शेठनी विचारले.

“मारायचा त्याला मारून झालाय. चवदा वर्सं हा मना दिसला नाय. आता कुठं असतो ते तरी कळंल.”

तिच्या अंगठ्यावर आडवा वण होता. ठशात तो स्पष्ट उमटला.

*

एकदा कुंपणाची झुडपे माजली. मुकादमाने काशिनाथपुढे कोयता टाकला. “घे, तुला सवय हाय!”

सगळे हसले. काशिनाथने दिवसभर झुडपे हातांनी उपटली. त्याचे रक्ताळलेले तळवे पाहून शेठनी आवारात कोयता आणायलाच बंदी केली.

*

वहिनी दहा वर्षे न चुकता आल्या. मग एका माघात त्या वारल्याचा निरोप आला. काशिनाथच त्यांना अग्नी देऊन परतला.

“कागदाप्रमाणे करा,” शेठ म्हणाले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसासाठी मी नोकरी संपल्याचे पत्र तयार ठेवले.

त्या दिवशी जामिनाचा कागद आणि शाईची पेटी फाटकावर ठेवायची आमची रीत. सवयीने यंदाही ठेवली गेली. दुपारी कागद परत आला. त्यावर ओला ठसा!

शेठनी जुना ठसा शेजारी धरला. तोच आडवा वण. त्यांनी माझे पत्र फाडले आणि पहारेकऱ्याला बोलावले. तो सापगावचा, महिन्यापूर्वीच लागलेला.

“बाई आलती. ठसठशीत कुंकू लावलेली.”

काशिनाथने हातातला रंधा खाली ठेवला. “एकलीच व्हती?”

“नाय. संगं एक बाप्या व्हता. बाहेरूनच इचारीत व्हता, ‘आत कोयता नाय ना?’”