बारक्याचा आवाज

जव्हारच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर रोहिदास अकरा वर्षं बोलतोय, पण त्याला रोहिदास म्हणून कुणी ओळखत असेल तर शपथ! लोकांना ठाऊक आहे तो बारक्या, त्याच्या कार्यक्रमातला खवचट म्हातारा. कार्यक्रमात आवाज दोन, दोन्ही रोहिदासचेच. एक शहरी बातमीदार रोहिदासच्या नेहमीच्याच आवाजात, छापील मराठीत थापा मारतो आणि बारक्या पाड्याच्या बोलीत त्याची फजिती करतो. साखरशेतपासून पोशेऱ्यापर्यंत बायका शेताच्या बांधावर मोबाइलमधला रेडिओ लावून ऐकतात आणि पोट धरून हसतात.

मधे त्याने पुस्तकही लिहिलं. तारप्याच्या सुरांपासून डीजेपर्यंत लग्नातली गाणी कशी बदलत गेली, हे टिपायला पठ्ठ्याने पाच वर्षं मांडवामांडवांत काढली. मोखाड्याच्या बाजारात पुस्तकं मांडून बसला, तर लोक जवळ येऊन म्हणाले, "बारक्या, जरा बोल ना!" पुस्तकाला कुणी हात लावला नाही. बारक्याला आता निरोप देऊ, असं तो दरवर्षी केंद्राच्या पुष्पाताईंना म्हणायचा. "मग तुला ऐकणार कोण?" ताई विचारायच्या. आणि सकाळी आठला बारक्या परत खोकत माइकवर हजर.

गेल्या फाल्गुनात तो केंद्रावर असतानाच बहिणीचा, चंदाचा टेकडीवरून फोन आला. पोशेऱ्याला आई गेली होती. नातेवाईक पांगलेले, पाड्यांवर फोन लागत नाही आणि माणसं जमल्याशिवाय प्रेत उचलायचं नाही. रोहिदासने माइक ओढला. आईची बातमी तरी आपल्या तोंडाने सांगावी, असं त्याला फार वाटलं. "माझी आई नवशी हिचं आज पहाटे निधन झालं. सर्वांनी अंत्यदर्शनासाठी यावं." आवाज जड होता, पण शब्द स्वच्छ.

तो जीपने घरी पोहोचला. दुपार झाली तरी अंगणात सहा माणसं. ओढ्यापलीकडचा मामा माघ्या चुलीसाठी लाकडं न्यायला म्हणून आला आणि दारातच थिजला.

"खरीच गेली काय रं? आमी सगली हसत व्हतो. तो थापाड्या बोलला, आता बारक्या त्याला झोडील, म्हणून वाट बघत रायलो."

रोहिदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चंदाने त्याचा दंड धरला. "दादा, ऊन चढलाय. आयला कवर ठेवायची? बारक्याला सांगाय लाव."

"आईच्या मरणात सोंग आणू?"

"मग खांदा कोण देल?"

तो टेकडीवर गेला, रेंज मिळाल्यावर पुष्पाताईंना फोन लावला आणि चालू कार्यक्रमात बोलला. घसा खरवडून, खोकून, बारक्याच्या आवाजात. "माजी आयस मेली रं. खोटा नाय सांगत. या सगली."

तासाभरात पाडेच्या पाडे लोटले. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. बायकांनी गळा काढला, पुरुषांनी तिरडी बांधली. प्रेत उचलताना रोहिदासचा बांध फुटला आणि त्याने स्वतःच्या नेहमीच्या आवाजात आईला हाक मारली. एवढ्या माणसांत ती त्याची एकट्याची हाक होती.

मागे गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं.